शंभर किलोमीटरला किती

दहा पूर्णांक चार लिटर,
दर शंभर किलोमीटरला.
एवढं तर ट्रॅक्टरही लाजत लाजत पितो.

काजानीच्या पंपावर, उणे एकोणीसमध्ये,
नोझल धरून उभी असते मी,
हातमोज्यातही बोटं बधिर,
आणि आकडे असे पळतात
की आंधळं दळतंय हे तर उघडच.
कुत्रं कुठाय, तेवढं सापडत नाही.

टाकीखाली रात्रभर पुठ्ठा सरकवून ठेवला:
सकाळी कोरडा.
चाकांत हवा भरली.
डिकीतून वाळूचं पोतं काढलं, दोन विटा,
कुणाचा तरी एकच स्केट.
एअर फिल्टरमध्ये पाइनच्या सुया निघाल्या
आणि उंदराने अर्ध्यावर सोडलेला संसार.
प्लग काढले, तर कंदिलाच्या काचेसारखी काजळी.
पुसले. बदलले.
दोन दशांश उतरलं. नंतर तेही परत चढलं.

शेजारचा म्हणाला, पाय हलका ठेव.
बावीस वर्षांची गाडी,
आणि खोट माझ्या पायात.

ओस्मोने बॉनेट उघडलंच नाही.
शेजारी बसला, म्हणाला, चालव.
रेल्वे यार्डापर्यंत गेलो, वळलो, आलो.
रस्त्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही,
फक्त तापमानाच्या सुईकडे,
तापलेल्या पोराजवळ बसावं तसा; फरक इतकाच
की इथे ताप चढत नव्हता.
'हातमोजे काढत नाहीस गाडीत?'
'हीटर कोमटच आहे पहिल्यापासून.'
'मग पहिल्यापासून सांगायचं होतंस.'

थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला.
इंजिनाला वाटतं आत्ताच उठलोय,
बाहेर गारठा आहे, ओत अजून.
'सगळा रस्ता त्याला सकाळच वाटते,' ओस्मो म्हणाला
आणि हात पुसत किंमत सांगितली.
दोन टाक्यांपेक्षा कमी.

गाडीचा नंबर शोधायला खण उघडला
तेव्हा कागदांच्या तळाशी वही मिळाली.
आधीच्या मालकाची. तौनो.
त्याची मुलगी राउनी गाडी विकताना एवढंच बोलली होती,
वडील फार जपून चालवायचे.
जपूनच. प्रत्येक टाकी लिहिलेली, पेन्सिलीने,
सहा पूर्णांक आठ, सहा पूर्णांक नऊ, वर्षानुवर्षं,
उन्हाळ्यात तळ्यापर्यंत, एकदा नॉर्वे.
मग एका ऑक्टोबरपासून
आठ. साडेनऊ. अकरा.
कडेला दर ओळीत एक 'एच'
आणि अंतर: जाऊन येऊन चार पूर्णांक सहा.
रोज. रविवारीसुद्धा.
एकदा त्यानेच खाली लिहिलंय,
टायर बघणे. खूण करून खोडलंय: टायर ठीक.

एच म्हणजे हॉस्पिटल, असं मी धरून चालले.
ओस्मोने वही उलटी करून पाहिली.
'बायकोचं नाव हेल्वी होतं,' म्हणाला.
मग तो थर्मोस्टॅटचे स्क्रू शोधायला लागला,
जे त्याच्या समोरच होते.

नवा बसवून मी निघाले संध्याकाळी.
हॉस्पिटलचा फाटा आला
तेव्हा सुई तळातून जेमतेम हलली होती.
साखर कारखान्याचं वळण. लाकडांचा डेपो.
आठव्या किलोमीटरला ती मधोमध येऊन थांबली
आणि पायांवर पहिल्यांदा ऊब आली, खरी ऊब.

म्हणजे थर्मोस्टॅट धड असता तरी
दोन पूर्णांक तीनवर काय तापणार होतं.
जाताना गार. येताना गार.
टायर ठीक.

हातमोजे काढले, शेजारच्या सीटवर टाकले.

पुढच्या टाकीला भागाकार केला:
सात पूर्णांक नऊ.
ओस्मो म्हणतो, हिवाळी टायर आहेत, खिळे आहेत,
वय आहे, यापुढे फार आशा नको.
त्याच वहीत लिहिलं, त्याच्या शेवटच्या ओळीखाली,
माझ्याकडे पेन्सिल नव्हती म्हणून पेनाने.
कडेची जागा
तशीच ठेवली.